लग्न लावलं कोणी?

मुरबाडहून एसटी सुटली तेव्हा वडील खिडकीखाली उभे होते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या पाड्यावरून नोकरीला निघालेला मी पहिलाच. ते एवढंच म्हणाले, "आपलं कायबाय तिकडं सांगत बसू नको रे. हसतील." मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

ठाण्यात सरकारी कचेरीत लागलो, बदलापुरात फ्लॅट घेतला आणि लग्नही तिथल्याच एसी हॉलात केलं. आता आमच्या जमातीत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवले म्हणजे लग्नाची गाणी. ती म्हणत सगळे विधी करणारी जाणती बाई म्हणजे धवलेरी. आमच्याकडची धवलेरी माझी सख्खी आत्या. आई लवकर गेली, म्हणून तिनंच मला वाढवलेलं. तिला मी म्हणालो, "आत्या, जेवायला ये. पण धवले नकोत, ऑफिसची माणसं असतील." ती आलीच नाही. पाय दुखतो म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

पाड्यावरच्यांनो, तुम्ही तेव्हा मला शिष्ट म्हणालात. इतर पाड्यांवरून माझ्यासारखे निघून आलेले मात्र गप्प बसले, कारण त्यांच्याही अल्बमात भटजीच होता.

पुढं जमातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली. दाखला टिकला नाही तर नोकरी जाणार. अर्जात चालीरीती लिहायच्या होत्या. 'आमच्यात लग्न धवलेरी लावते' असं मी ऐटीत लिहिलं आणि पुरावा म्हणून स्वतःच्या लग्नाचा फोटो जोडला. अर्ज गेल्यावर ध्यानात आलं. फोटोत मधोमध भटजी!

चौकशीचे साहेब पाड्यावर येणार, त्या सकाळी मी आत्याच्या दारात हजर. ती नागली पाखडत होती. "आत्या, लग्न तूच लावलंस म्हण. एवढं एकदाच." तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. तिचा मान मीच काढून घेतला होता आणि आता तिच्याकडूनच खोटं मागत होतो. लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

साहेब ओटीवर बसले. फोटो पुढं केला. "मावशी, ह्याचं लग्न तुम्ही लावलंत का?"

"तिथं? नाय. त्यानं नको म्हटला."

साहेब लिहायला लागले.

"लिवता काय? आयका तरी," आत्या म्हणाली. "त्याच दिशी मी हितं आंगणात पिठाचा चौक घातला. दोन सुपाऱ्या मांडल्या, एक ह्याची, एक सुनेची. सगले धवले म्हटले. त्याबिगर आमच्यात लगीन लागत नाय. पोराला बिनलग्नाचा ठेवू का?"

"आमी होतो ना सोबतीला," शेजारची काकी दारातून म्हणाली.

साहेबांनी म्हणून दाखवायला सांगितलं. आत्यानं डोळे मिटून सुरुवात केली. आम्हा दोघांची नावं घातलेले ते धवले मी लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा ऐकले आणि साहेबांसमोरच रडलो.

ते गेल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं?"

"तुला लाज वाटली आसती," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

दाखला टिकला, नोकरी राहिली. बदलापूरच्या फ्लॅटला मी अजूनही घर म्हणतो, सवयीनं. पण माझं लग्न पाड्यावर लागलं, आणि ते लागताना मी तिथं नव्हतो.