हात मागं, तोंड उघड

१९५२ साल. मी एकवीस वर्षांचा.

डोंबिवलीत शाळेच्या पटांगणात नशाबंदीची सभा होती. रविवार होता. इस्त्रीचे सदरे, टोप्या, कचेरीतली माणसं, पुढच्या खुर्च्यांवर त्यांच्या बायका. आमच्या मिठागराच्या शेटनं मला बैलगाडीत घालून आणलेलं. टेबलावर उभं केलं. सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

"हा आमच्या आगरातला गडी," शेट म्हणाला. "अफूनं काय केलंय बघा."

खिशातून त्यानं अफूच्या गोळीएवढा गुळाचा काळा खडा काढला. माझ्या डोळ्यांपुढं धरला.

"हात मागं. तोंड उघड."

माझे हात मागं गेले. तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं.

पटांगण हसलं. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. शेटनं गूळ स्वतःच्याच तोंडात टाकला. म्हणाला, "जनावर बरं." टाळ्या.

ते शब्द शेटला कुठून ठाऊक, कुणी विचारलं नाही. मी सांगतो.

रोज उजाडताना आम्ही गडी बांधावर ओळीनं उभे राहायचो. मुकादम अफूच्या गोळ्यांची डबी घेऊन यायचा. गोळी हातात दिली तर गडी लपवतील, घरी नेतील. म्हणून हात मागं. गोळी थेट जिभेवर. मग मिठाचं पाणी पायाच्या भेगांत झोंबत नाही, उन्हात भूक लागत नाही, आणि मिठाची रास वाढते. डबी शेटच्या घरातून यायची. जो कुरकुरला त्याची गोळी बंद. दुपारी तो मुकादमाच्या पायावर लोळायचा. मीपण लोळलेलो. माझ्या जिभेवर पहिली गोळी पडली तेव्हा मी तापानं फणफणलेलो. मुकादम म्हणाला, औषध आहे.

आणि हाच शेट टोपी घालून लोकांना माझं तोंड दाखवत होता.

सभेत मागं उभे होते जोमाकाका आणि धर्मा. काका माझ्या बापाच्या वयाचा, धर्मा माझ्या जोडीचा. दोघंही गोळीवाले. चालत परत आलो. संध्याकाळी उघाडीपाशी बसलो. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आगरात घ्यायचं लाकडी दार.

मी म्हणालो, "काका, मना शेटचा मुडदा पाराचा हाय."

"पार," काका म्हणाला. "पन उद्या सकाली तोंड उघडशील, त्याचा क?"



आमच्यात एक रीत होती. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून खाडी आत घुसायला लागली, की ज्याची खांड त्यानंच आधी ओरडायचं. "खांड गेली!" ऐकेल त्यानं हातातलं टाकून धावायचं. कुणाच्या चुकीनं गेली ते विचारायचं नाही. वैर असलं तरी धावायचं. लाजेनं खांड लपवणारा मात्र गावाला नको असायचा. त्याच्यापायी सगळ्यांचं मीठ बुडायचं.

काका म्हणाला, "खांड आपल्या आंगान परलीय. वरडाचा सोडून लपवताव आपन."

धर्मा म्हणाला, "मंग त रोज बोंब माराला लागंल, काका. गाव बहिरा व्हईल!"

तिघंही हसलो. त्या दिवसातलं आमचं पहिलं हसू. मग मी म्हणालो, "मी अफू खातं. मना सुटत नय." मोठ्यानं म्हणालो. काका म्हणाला, मीपन. धर्मा खाडीकडं बघत म्हणाला, मीपन. ठरलं. ज्याला तल्लफ येईल त्यानं ओरडायचं. बाकीच्यांनी जायचं. उपदेश करायचा नाही. धरून बसायचं.

ती बैठक उघाडीवर वर्षानुवर्षं चालली. सोपी नव्हती. हाडं कुणी कुटतंय असं वाटायचं. मी ओकायचो, धर्माला आईवरून शिव्या द्यायचो, तो मला दाबून धरायचा. तोही पुन्हा गोळीकडं गेला आणि पुन्हा ओरडत आला. आम्ही धावलो.

हल्ली मी वर्तकनगरात नातवाकडं राहतो. जवळच नशा सोडणाऱ्यांची बैठक भरते. मला बोलावतात. पोरं चांगली आहेत, गोल बसतात, खरं बोलतात. स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाका म्हणतात. मला विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाचं नाव घेतलंत? मी म्हणालो, शेटचं. रोज. शिवी लावून. पोरं हसली, पण मी खरं तेच सांगितलं. बरं व्हायचं म्हणून मी अफू सोडली नाही. त्याला हरवायला सोडली. तो मेला तरी मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करणार नाही. माझ्या तोंडात काय जाईल ते दुसरा कुणी ठरवणार नाही, एवढ्यावर मी आजवर जगलो.

सभेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही ओळीत उभे. मीठ भरायचं होतं म्हणून शेट स्वतः आलेला, छत्रीखाली उभा. मुकादम डबी घेऊन माझ्यासमोर आला.

"हात मागं. तोंड उघड."

हात मागं गेले. जबडा उघडायला लागला. वास आला आणि अख्खं अंग गोळीकडं झुकलं. तेव्हा मी ओरडलो. पोटातून.

"खांड गेली!"

ओळ फुटली. लांबच्या बांधावरचे गडी फावडी टाकून धावत आले. "कुठं? कुठं?"

मी छातीवर हात मारला. "हितं."

कुणाला कळेना. काका येऊन माझ्या उजव्या अंगाला उभा राहिला, तोंड घट्ट मिटून. धर्मा डाव्या. मग सगळे मुकादमाच्या हातातल्या गोळीकडं बघायला लागले.

छत्री पुढं आली. "काय तमाशा लावलाय?"

मी मुकादमाच्या बोटांतली गोळी काढून घेतली. शेटसमोर गेलो. गोळी त्याच्या ओठांपाशी धरली आणि जन्मात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

"शेट, हात मागं घे. तोंड उघड."