विकले गेलेले ट्रॅक्टर

शोरूमच्या काचेतून मला आमचं आवार दिसतं. तिथे उभ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना गवताने वेढलंय, खोदायच्या मशीनच्या बकेटमध्ये पाणी साचलंय. कंपनीच्या लेखी हे सगळं केव्हाच विकलं गेलंय. माल कारखान्यातून आमच्यासारख्या डीलरकडे निघाला की त्यांची विक्री झाली.

त्या दुपारी टीव्हीवर कंपनीचे तिमाही निकाल सांगत होते. नफा वाढला होता. "ग्रामीण मागणी भक्कम आहे," पडद्यावरचा कंपनीचा गुळगुळीत चेहरा म्हणाला. आमच्याकडे आलेल्या कंपनीच्या साहेबाने मान डोलावली. बाहेर त्याने आणलेला नव्या ट्रॅक्टरांचा ट्रेलर उभाच होता.

"साहेब, मागणी आहे, तर गिऱ्हाईक कुठाय?" आमचे मालक अप्पा म्हणाले.

"पुढच्या तिमाहीत येईल. आधी उतरवून तर घ्या."

हे बोलताना त्याच्या टायची गाठसुद्धा हलली नाही. कुणाच्या आवारात लोखंड गंजतं, तेव्हा कुठेतरी नफ्याचा आकडा चढतो आणि अशा माणसांना बढती मिळते.

अप्पांनी ट्रेलर परत पाठवला.

संध्याकाळी डीलरांच्या ग्रुपवर फोटो आला. शेजारच्या तालुक्यातला डीलर त्याच ट्रेलरपुढे उभा होता. साहेब हसत त्याला हार घालत होता आणि त्या डीलरचा चेहरा मयताला आल्यासारखा झाला होता.