पण-काचे लाल धागे

आमच्या टीममध्ये तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तिला 'पण-का' म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. पनवेलजवळच्या आमच्या कॉलेजात आम्ही स्पर्धेसाठी रेसिंगची गाडी बांधत होतो. एकाच माणसाची, चारही चाकं उघडी. कुणी म्हणालं, स्प्रिंग एवढी कडक ठेवू, की ही पान्हा खाली ठेवून विचारणार, "पण का?" सगळेच तसं करतात, हे उत्तर तिला चालत नसे. डोकं उठवायची हो! आणि बहुतेकदा उत्तर आम्हालाही ठाऊक नसायचं.

तिचा जीव गाडीच्या मागच्या पंखात. विमानाचा पंख वर उचलतो. आमचा उलटा, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा, म्हणजे वळणावर टायर घसरत नाहीत. संगणकावर पंख झकास होता. रस्त्यावर गाडी प्रत्येक वळणाला मागून सटकायची. बरं, वारा काही डोळ्यांना दिसत नाही. मग पण-काने आईच्या अर्धवट विणलेल्या तोरणाची लाल लोकर कापली आणि वारा कुठे कसा वळतो ते दिसावं म्हणून तिचे तुकडे चिकटपट्टीने पंखभर लावले. आईने अबोला धरला तो वेगळाच.

तिला परदेशी शिकायला जायचं होतं, जिथे गाडीवर वारा सोडून बघायचे मोठे बोगदे असतात. प्रवेशही मिळाला होता. पण तिचे वडील, आमचे काका, ऐकेनात. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांचे कंटेनरचे ट्रेलर चालतात, एकुलत्या एका पोरीने तेच सांभाळावं, असं त्यांचं म्हणणं. विषय निघाला की काका ताटावरून उठायचे. तिचं हसणंच आटलं होतं त्या दिवसांत.

उरणकडच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी होती, तेव्हा काका तिला न्यायला आले. आम्ही शेजारून स्कूटर पळवत धाव‌त्या गाडीचं शूटिंग केलं होतं, ते मोबाइलवर बघत होतो. काकाही वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "बाकीचे धागे सरल हायेत. मंग मधले दोनच गरागरा का फिरतान?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खाण तशी माती म्हणतात ते हेच.

"डायवरच्या डोक्यामागं वारा गोंधलतो, बाबा," ती म्हणाली. "पंख वर घ्यावा लागंल. पन किती, ते मना येत न्हाय. तेच शिकाला जायाचाय."

काकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. पुढे ती परदेशी निघाली तेव्हा विमानतळावर तिला सोडायला तेच गेले.

परवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत काका भेटले. बघतो तर केबिनच्या पाठीवर लाल लोकरीचे धागे! तिथे मोबाइल बांधून त्यांनी शूटिंगही केलं होतं. ट्रेलर पुढे पळतो तर धागे मागे उडायला हवेत, पण केबिनमागचे धागे उलटे पुढेच, केबिनकडे ओढले जातात, हे मला कौतुकाने दाखवलं. मी म्हटलं, काका, हे काय नवीन खूळ?

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

"घरान आता 'पन का' इचारनारा कोन न्हाय रं," ते म्हणाले. "म्हून मीच इचारतो."