मास्तरनं डिझेल कुठं घालवलं

बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात तिला सगळे फिटरबाई म्हणत. बाळंत व्हायच्या आठवडाभर आधीपर्यंत ती इंजिनं खोलत होती. पोट आड यायचं म्हणून कुशीवर वळून पाना फिरवायची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. समुद्र त्याला सगळा तोंडपाठ, पण नकाशातला. म्हणून घरातही तो मास्तरच.

लेक आठ महिन्यांची झाली तशी दोघांनी दीड महिन्याची रजा काढली आणि फिटरबाईनं स्वतः डागडुजी केलेल्या शिडाच्या होडीतून तिघं किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाली. बंदरात शिरायचं असलं की छोटं इंजिन लावायचं. कामं वाटून घेतली होती. रोज सकाळी टाकीत पट्टी बुडवून डिझेल बघायचं काम मास्तरचं.

पोर गुणाची, फक्त झोपेच्या नावानं शंख. पोटात असल्यापासून इंजिनाची घरघर ऐकलेली ती, जरा शांत झालं की भोकाड पसरायची.

प्रत्येक धक्क्यावर लोक जमायचे. मास्तरला म्हणायचे, "साहेब, होडी झकास हो!" आणि हिला, "एवढंसं लेकरू घेऊन समुद्रात? बाई, काही वाटतं का तुला?" जशी काही पोर हिनं एकटीनंच जन्माला घातली होती! मास्तर नुसता हसून दोर गुंडाळत बसायचा. त्या हसण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पुढच्या वेळी कुणी बोललं तर तोंड उघड," तिनं बजावलं. "आपण दोघांनी ठरवलंय हे."

"उघडीन की गं."

अठराव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. बंदर समोर होतं, तोंडाशी खडक. तिनं शीड उतरवून इंजिन लावलं. खडकांजवळ आल्यावर ते दोनदा ठसकलं आणि बंदच पडलं.

"सकाळी डिझेल किती होतं?"

"अर्धी टाकी," मास्तर म्हणाला. पोर त्याच्या छातीशी झोळीत बांधलेली.

तिनं पट्टी बुडवली. कोरडी ठणठणीत.

"मास्तर, खरं बोल."

"तू रोज पाणी, भाजी आणायला किनाऱ्यावर गेलीस की ही रडायची. मग मी नांगरावरच इंजिन चालू ठेवायचो. झोपायची बिचारी."

"रोज? आणि सकाळी मला अर्धी टाकी सांगायचास?"

"आज या बंदरात भरणारच होतो."

त्याला धुवून काढायला वेळ नव्हता. तिनं शीड परत चढवलं आणि होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घालत वाऱ्याशी भांडत आणली. एक खडक इतक्या जवळून गेला, की हात लांब केला असता तर शेवाळ हाताला लागलं असतं. मनातल्या मनात तिनं मास्तरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

धक्क्यावरच्या रखवालदारानं दोर धरला, टाकीचं उघडं झाकण आणि कोरडी पट्टी बघितली आणि सुरू झाला, "डिझेल बघून निघता येत नाही, बाई? आई आहेस का वैरीण?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दोराकडे बघत होता.

"बोल," ती म्हणाली.

मास्तरनं मान वर केली. "चूक माझी. पोरीला झोपवायला मी डिझेल जाळलं. आणि हिला खोटं सांगितलं."

रखवालदार खो खो हसला. "अस्सं होय! बापाचं काळीज हो, साहेब! पण बाई, तू नको का लक्ष ठेवायला?"

फिटरबाईनं झोळीची गाठ सोडली, पोर उचलली आणि थेट रखवालदाराच्या हातात दिली.

"धरा. फार काळीज कळतं ना तुम्हाला? झोपवा हिला. आणि मास्तर, कॅन उचल. पंपावर चालत जायचं."

"अहो, पण हिला धरू कशी?"

"साहेबांना विचारा."

धक्क्याच्या टोकाला न्हाणीघर होतं. तिनं कडी लावली आणि गरम पाण्याचा नळ पुरता सोडून सावकाश डोकं धुतलं. बाहेर पोरीनं टाहो फोडला होता आणि रखवालदार कसलंसं गाणं बेसूर म्हणत होता. तिनं साबण घेतला आणि धुतलेलं डोकं पुन्हा धुवायला लागली.