ओसाड गड वसवताना येणाऱ्या अडचणी : मुक्काम पासली

"रिकाम्या घरात शिरण्याआधी हाक मारावी," असं आई एकदा म्हणाली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. भाड्याच्या नव्या खोलीच्या उंबऱ्यावर आम्ही गाठोडी घेऊन उभे होतो. कुणाला हाक मारायची ते तिने सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. गेल्या आठवड्यात भोरच्या बाजारात माझा नवरा कुलूप निवडत होता, तेव्हा तिचं ते वाक्य कुठूनसं वर आलं.

हे कुलूप प्रकरण समजायला आधी माधव समजायला हवा. नोकरी लवकर सोडल्यापासून तो किल्लेदार आहे. लॅपटॉपवर. त्या खेळात डोंगरावर माणसं वसवायची, विहिरी खणायच्या, धान्य साठवायचं. वस्ती बुडाली की गड ओसाड पडतो. मग 'ओसाड गड पुन्हा वसवा' असा पर्याय येतो, आणि तिथून खरी गंमत सुरू होते, कारण खेळाचा हा भाग कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत उरकलेला आहे. कोठार भरलेलं असतं, पण ते मागच्या लोकांच्या नावावर. त्यामुळे नवे लोक पोत्यांना टेकून उपाशी मरतात. मेलेला हवालदार यादीत अजून हजर असतो आणि त्याच्या हुकमाशिवाय दरवाजा उघडत नाही. मागे राहिलेल्या कोंबड्यांची गणना शत्रूत होते. एका पहाटे माधवची अख्खी पलटण तीन कोंबड्यांना घाबरून कड्यावरून खाली गेली. त्या दिवशी तो जेवला नाही.

यावर त्याला उपाय सापडला. पाय ठेवताक्षणी 'सगळं ताब्यात घ्या' हे बटण दाबायचं. हा शोध लागल्यापासून त्याचा आत्मविश्वास इतका वाढला, की त्याने खरोखरचं घर शोधलं. वेल्हे तालुक्यात, पासलीला, कित्येक वर्षं बंद असलेलं. मालक भोरला राहतात, घर दीर्घ मुदतीने द्यायला तयार आहेत. चार दिवस राहून बघायचं, पटलं तर पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन कायमचं जायचं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाणी, वीज, विंचू यांची मला फारशी धास्ती नव्हती. आमच्या सोसायटीत समोरच्या दाराशी आमचा संबंध पार्सल घेऊन ठेवण्यापुरता आहे. पासलीत तरी कुणी आपल्याला आपलं म्हणेल का, एवढंच मला बघायचं होतं.

सातारा रस्त्याने कापूरहोळला वळून आधी भोर गाठलं. मालकांना सगळे नाना म्हणतात. चावी मागितली तर ते हसायलाच लागले.

"चावी कसली? कुलूपच नाही त्याला. कडी आहे. ती काढायची आणि जायचं."

"इतकी वर्षं घर उघडं?" माधवचा आवाज चढला.

"उघडं नाही हो. बंदच आहे. कडी आहे ना!"

माधवने बाजारातून दोन कुलुपं घेतली, पुढच्या दाराला एक आणि मागच्या दाराला एक. तुम्ही जाणार असाल तर कुलुपांऐवजी पेट्रोल बघा. परत फिरून नसरापूरला टाकी भरा, तिथेच मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे भुकेला पर्याय कमी. मार्गासनीनंतर रस्ता अरुंद होतो आणि समोरून एसटी आली की कडेला दबून तिला मान द्यावा लागतो. वेल्ह्यात भाजी-दूध मिळतं. पासलीकडे वळलं की मोबाईल नुसता घड्याळ म्हणून वापरायचा.

घर बैठं, कौलारू, अगदी ठणठणीत. माजघरात मात्र मोठमोठी पातेली, कढया, पराती, गुंडाळलेली जाजमं, आणि प्रत्येक भांड्यावर लाल रंगात 'ग्रामस्थ'.

"आधीच्या वस्तीचं सामान," माधव जाणकारपणे म्हणाला.

तेवढ्यात पडवीतून एक कोंबडी आत आली आणि किल्लेदार दोन पावलं मागे सरले. तिच्या मागोमाग शेजारच्या हौसाबाई आल्या, साठीच्या. मागच्या दाराने आत शिरून त्यांनी खुंटीवरचा आपला विळा काढला, मग आमच्याकडे बघितलं.

"ऱ्हायला आला व्हय? बरं झालं. घराला माणूस पायजेच." जाता जाता म्हणाल्या, "उद्या आमच्याकडं नातीचा साखरपुडा हाय. जेवायला या दोघं."

त्या गेल्यावर माधव म्हणाला, "बघितलंस? सरळ आत!"

मी बघितलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही दारांना कुलुपं घालून आम्ही तोरण्याला निघालो. वेल्ह्यातून चढ सुरू होतो. पाणी भरपूर घ्या, पायात चांगले बूट हवेत, शेवटच्या खडकाळ टप्प्यात रेलिंग धरा. वर मेंगाईच्या देवळापाशी वारा इतका गार होता, की बोलणं नको वाटलं. माधव टाक्यात डोकावून म्हणाला, "इथे शंभर माणसं सहज वसवता येतील." मी म्हटलं, "त्यांना विचारून?"

उतरून पासलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हौसाबाईंच्या अंगणात पंगत बसलेली, आणि कडेला चुलीच नव्हत्या. घराघरातून बायका लहान लहान पातेली पदराने धरून आणत होत्या. कुणाचा भात, कुणाची आमटी.

मला एकदम कळलं. "हौसाबाई, मोठी भांडी?"

"हायेत की. तुमच्या घरात."

"अहो, मग कुलूप तोडायचं!" माधव कळवळून म्हणाला.

"पावण्यांचं कुलूप तोडत्यात व्हय?" त्यांनाच लाज वाटल्यासारखं झालं. "तुमी बसा. पानं मांडलीत."

पंगतीतले एक आजोबा मजेत होते. "सायेब, तुमच्यामुळं आज भाताला धा-पंधरा चवी हायेत. कुणाच्या घरचा करपला त्ये बी गावाला कळलं!" सगळे हसले. नवरी मुलगीही हसली. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गावाची रीत अशी, की बंद घर हे सगळ्यांचं माजघर. तिथे गावकीची भांडी राहतात, कुणाचं बियाणं राहतं, पडवीतून पाणवठ्याची वाट जाते. घर रिकामं आहे असं फक्त नानांना आणि आम्हाला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं आली आणि भांडी देवळात घेऊन गेली. माधवने कुलुपं काढून फेकली, "राहू द्या हो इथेच," म्हणून मागे लागला. "नको नको, तुमची अडचण कशाला," एवढंच ते म्हणत राहिले. बायका पाण्याला लांबून वळसा घालून जाऊ लागल्या. कोंबडी उंबऱ्याशी आली तर हौसाबाईंनी लांबूनच तिला हाकललं. मग चौथ्या दिवसापर्यंत त्या घरात आमच्याशिवाय कुणीही आलं नाही. माधवच्या खेळात 'सगळं ताब्यात घ्या' आजवर एकदाही इतकं निर्दोष जमलेलं नाही.

आता पुण्यात आहोत. माधवने लॅपटॉप उघडलेला नाही. नानांना रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि त्याने ते माझ्यावर सोडलंय. घर पटलं का म्हणून विचाराल तर पटलं. पण मला हवं होतं ते घर आम्ही पोचलो त्या संध्याकाळपुरतंच होतं, खुंटीवर दुसऱ्याचा विळा असलेलं.

हौसाबाईंच्या मुलाचा नंबर घेऊन ठेवलाय. तो वेल्ह्याला आला की लागतो. त्या काय म्हणतील ते मला ऐकू येतंय: "असू द्या ताई, देवळात बरी हायेत." गोड बोलून नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तरी उद्या फोन करून सांगणार आहे: हौसाबाई, आम्ही राहायला आलो तरी गावाची भांडी माजघरातच असू द्या, आणि न्यायला याल तेव्हा कुणी हाक मारू नका. सरळ मागच्या दाराने आत या.