लिलीचे पराग आणि युनिसची शाल

युनिस, लोकांना तुझ्याबद्दल सांगायचं तर तुझ्याशीच बोललेलं बरं. चुकलं तर तू तिथल्या तिथे टोकशील.

कालिम्पोंगच्या आपल्या चर्चमध्ये वेदी सजवायचं काम तुझं. नवरा गेल्यापासून घरात तू आणि खरानी, तुझी राखाडी मांजर. ईस्टरच्या आदल्या दिवशी लिलीच्या कुंड्या आल्या की प्रत्येक फुलातले पिवळे पराग तू चिमटीने खुडायचीस. वेदीच्या पांढऱ्या कापडावर डाग नको ना. बोटं मात्र खुशाल आपल्याच शालीला पुसायचीस. उपासनेनंतर कुंड्या आजाऱ्यांच्या घरी जायच्या. तू एकही नेली नाहीस. "देवाचं फूल, दीदी. खरानी कुंडी उलथवायची."

त्या ईस्टरच्या सकाळी खरानी ओकली. मी म्हटलं, "डुकराचं मटण चारलं असशील." "तुमच्यापेक्षा जपून खाते ती," म्हणालीस. ओकणं थांबलं, आपण विसरलो. मंगळवारी तिने खाणं टाकलं, लघवी बंद झाली. तिला तुझ्या त्याच शालीत गुंडाळून आपण गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तामांगांनी पहिलंच विचारलं, "घरात लिली आहे?"

"नाही. कधीच नव्हती."

"मग शालीवर हे पिवळं काय?"

चर्चमधल्या लिलीचे पराग, मी सांगितलं.

"मांजर झोपते यावर?"

"रोज," तू म्हणालीस.

"अंगाला लागलं, चाटताना पोटात गेलं. लिली मांजराला विष, तेवढंही पुरतं. मूत्रपिंडं गेलीत, बाई. ओकली त्याच दिवशी सलाईन लावलं असतं तर कदाचित वाचली असती. आता सिलिगुडीला नेऊनही उपयोग नाही."

"दीदी, तुम्ही कॉलेजात शिकलात ना. तुम्ही तरी काही सांगा यांना."

मला कॉलेजात वनस्पतिशास्त्रात फुलाचे भाग शिकवले होते, मांजराचं पोट नाही.

तू खरानीखालून शाल ओढून काढलीस आणि माझ्या अंगावर टाकलीस. "न्या ही. धुवून द्या, तशी नको परत." तिला थंडी वाजत होती. टेबलावरून ती शालीकडेच सरकायला बघत होती, आणि तू तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतंस.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

वेदी अजून तूच सजवतेस. पराग आता जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीत टाकतेस. शाल माझ्या कपाटात आहे, राखाडी केसांसकट. तू मागत नाहीस, आणि धुवायची अजून राहिलीच आहे.