संकल्पातलं माझं नक्षत्र

आमचं लग्न ऑफिसात जमलेलं, पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. साताऱ्याहून चेन्नईत वेस्ट मांबलमच्या सासरी आले, तेव्हा तंजावरी मराठी बोलणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नक्षत्र विचारलं. आमच्याकडे गोत्र सांगितलं की काम भागतं. आईला फोन करून विचारलं आणि सांगून मोकळी झाले, मूळ. सासूबाई नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या.

वर्षाच्या आत सासरे हृदयविकाराने गेले. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, हे शेजारणीने मला तेराव्याला ऐकवलं, अगदी सहज बोलल्यासारखं. पुढे दर महिन्याला घरी वाध्यार, म्हणजे भटजी, येऊ लागले. स्वभाव माझा संशयी. भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरची पानं नवऱ्याकडून वाचून घेतली. भटजी यायचे तो दिवस नेमका मूळ नक्षत्राचा. म्हणजे या बाईला वाटतंय, तिचा नवरा माझ्यामुळे गेला, आणि रोज माझ्याच हातची कॉफी पितेय. मला घास गोड लागेना.

एकदा माझं घरून काम होतं, म्हणून दाराआड उभी राहिले. सासूबाई अक्षता मुठीत धरून बसल्या होत्या. संकल्पात माझं नक्षत्र आलं, माझं नाव आलं, आणि नेमका पुढे भटजींचा आवाज खाली गेला.

भटजींना जिन्यात गाठलं. मोडक्या तमिळमध्ये विचारलं, संकल्प म्हणजे नक्की काय?

"पूजा कोण करतंय, कुठे, कधी आणि कशासाठी, ते आधी उघड सांगायचं. मनात एक ठेवून पूजा होत नाही."

काय मागितलं ते मात्र सांगेनात. "ज्या बसल्या त्यांना विचार."

विचारलं. रागातच. सासूबाई पाटापुढची फुलं गोळा करत होत्या.

"पहिले सहा महिने तुझ्या नक्षत्राची शांती मागितलें," त्या म्हणाल्या. "मला तुझें भय वाटत होतें."

"आणि आता?"

"आता तें भय जावो म्हणून मागते. तू चांगली आहेस, कळतें मला. मन ऐकत नाही."

"गेलं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अजून सगळें नाही, अम्मा."

वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण त्या घरात आल्यापासून कुणाच्या बोलण्याचा मला संशय न येण्याची ती पहिलीच वेळ.